मुद्देमाल म्हणून जमा झालेला फोन

जळगाव जिल्ह्यात, बोरी आणि तापी यांच्या मधल्या पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कौटुंबिक हिंसाचाराने गांजलेल्या स्त्रियांसाठी समुपदेशनाचे काम करते. या कामामुळे आसपासच्या खेड्यांतल्या महिला बचत गटांशी माझा नेहमीचा संबंध आहे आणि त्या गटांच्या अध्यक्ष-सचिवांच्या व्हॉट्सॲप समूहाची मी एक ॲडमिन आहे. कापूस विकला जाऊन घराघरांत थोडे पैसे आलेले असताना या समूहात एका गुंतवणूक योजनेची लिंक आली. सुरुवातीला शंभर-दोनशे रुपये खरोखरच परत मिळाले. मग मोठी रक्कम भरायला सांगितले गेले, आणि ती भरल्यावर ॲपमधला आकडा वाढत राहिला, पैसे मात्र कोणाला काढता येईनात. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच तक्रार केलेल्या काही जणींची रक्कम बँकेतच अडवली गेली. उशिरा कळलेल्या बायकांच्या हाती काही उरले नाही. एका गटाच्या सचिवाने फिर्याद दिली आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८(४) व माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ड यांखाली गुन्हा दाखल झाला.

लिंक ज्या क्रमांकावरून आली होती, त्याच क्रमांकावरून गटांची माहिती विचारणारे संदेश मलाही स्वतंत्रपणे आले होते. फिर्यादीने घाबरून आपल्या फोनवरचे बरेचसे पुसून टाकले होते. सगळा संवाद सलग आणि पूर्ण स्वरूपात माझ्याच फोनवर उरला होता, त्यामुळे पोलिसांना तो हवा असणे स्वाभाविक होते. मलाही तो त्यांना द्यायचाच होता. ज्या बायकांचे पैसे बुडाले, त्यांतल्या काही जणींना मीच गटात आणले होते, आणि आरोपी सापडावेत यासाठी माझ्याकडून होईल ते सारे करायला मी तयार होते.

साक्षीदार स्त्रीला जबाबासाठी तिच्या राहत्या घराबाहेर येण्याची सक्ती करता येत नाही, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७९ सांगते. तपास अधिकारी त्याप्रमाणे घरी आले, जबाब लिहून घेतला आणि त्याच संहितेच्या कलम ९४ ची लेखी नोटीस माझ्या हाती दिली. न्यायालय किंवा ठाण्याचे प्रभारी अधिकारी तपासाला आवश्यक अशी वस्तू हजर करण्याचा लेखी आदेश देऊ शकतात, ही तरतूद फार जुनी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत डिजिटल पुरावा असू शकेल अशा संपर्क साधनांचा त्यात स्पष्ट उल्लेख आला. नोटिशीत ‘मोबाइल हँडसेट, सिमकार्ड व पासवर्डसह’ असे लिहिले होते. हँडसेट आणि सिमकार्ड यांबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. पासवर्ड देण्यापाशी मात्र मी थांबले.

त्या फोनमध्ये काय होते, हे सांगितल्याशिवाय माझे थांबणे समजणार नाही. रात्री नवरा झोपल्यावर गच्चीवर जाऊन दबक्या आवाजात पाठवलेले ध्वनिसंदेश त्यात होते. अंगावरच्या वळांचे फोटो होते, आणि ते पाठवणाऱ्या बाईने स्वतःच्या फोनवरून ते लगेच पुसलेले होते. माहेरी निघून जाण्याची तारीख ठरवलेल्या एका मुलीने तिच्या कागदपत्रांच्या प्रती माझ्याकडे ठेवल्या होत्या. एका अल्पवयीन मुलीच्या आईशी झालेला संवाद होता. अशा मुलीची ओळख उघड करणे हा कायद्यानेच गुन्हा ठरवलेला आहे. वकील आणि अशील यांच्यातल्या संवादाला भारतीय साक्ष अधिनियमाचे संरक्षण आहे, पती-पत्नींमधल्या संवादालाही आहे. समुपदेशकाशी झालेल्या संवादाला तसे कोणतेही संरक्षण नाही. या बायकांनी जे सांगितले, ते गुप्त ठेवणारी गोष्ट प्रत्यक्षात एकच होती, ती म्हणजे माझ्या फोनचे एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर कुलूपबंद ठेवणारी सांकेतिक पद्धत, आणि त्याचा सहा आकडी पिन.

मी अधिकाऱ्यांना म्हटले, ‘साहेब, तुमच्यासमोर मी स्वतः फोन उघडते. समूह आणि तो क्रमांक, दोन्हींतले सगळे घ्या. पण पिन लिहून देणार नाही.’ ते वयाने माझ्याहून लहान होते आणि शेवटपर्यंत मला ताई म्हणत राहिले. त्यांचे उत्तर टाळाटाळीचे नव्हते. ‘ताई, स्क्रीनशॉटवर आरोपीचा वकील पहिल्याच तारखेला बोट ठेवेल. मूळ उपकरण नाही, हॅश नाही, मधल्या काळात कोणी काय केले ठाऊक नाही, असे म्हणेल आणि न्यायालय ते मान्यही करेल.’ त्यांचे म्हणणे खरे होते. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्याचे दोन भाग आहेत. एक उपकरण हाताळणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि दोन्हींत त्या नोंदीची हॅश व्हॅल्यू लिहायची असते. एखाद्या फाइलवर ठरावीक गणिती प्रक्रिया केली की अक्षर-अंकांची एक ओळ मिळते; एसएचए-२५६ पद्धतीत ती चौसष्ट चिन्हांची असते, आणि मूळ फाइलमधला एक स्वल्पविराम जरी बदलला तरी सगळी ओळ बदलते. पुढे कधीही तीच प्रक्रिया करून पुराव्याला हात लागला आहे की नाही हे तपासता येते. आरोपीच्या वकिलाइतकाच याचा उपयोग मलाही होता, कारण माझ्या फोनमध्ये नंतर कोणी काही घातले किंवा काढले तर तेही उघड होणार होते.

म्हणून मूळ फोन देण्याला मी हरकत घेतली नाही. हरकत होती ती पिनला. जप्त झालेल्या फोनच्या मागे पिनची चिठ्ठी चिकटवून तो लिफाफ्यात घालण्याची पद्धत किती रुळलेली आहे, हे मी माझ्याच कामात पाहिले आहे. तो लिफाफा ठाण्यातून मुद्देमाल कारकुनाकडे, तिथून प्रयोगशाळेत आणि परत असा अनेकांच्या हातांतून फिरतो, आणि आमच्यासारख्या लहान गावात त्यांतला कोणी ना कोणी त्या बायकांपैकी एखादीच्या सासरचा निघतो. एका पावतीसाठी घरातले अख्खे कपाट किल्लीसकट उचलून न्यावे, तसा हा प्रकार होता. तपास अधिकाऱ्यांच्या सचोटीविषयी माझ्या मनात शंका नव्हती, आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलेही. पण एका माणसाच्या सचोटीवर इतक्या जणींची सुरक्षितता सोपवण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नव्हता.

जप्ती दुसऱ्या दिवशी दोन पंचांसमक्ष झाली. संहितेच्या कलम १०५ प्रमाणे तिचे चित्रीकरण करणे आता बंधनकारक आहे, आणि ते व्यवस्थित केले गेले. फोन कुलूपबंद असल्याने आतल्या मजकुराची हॅश त्या वेळी काढता येत नव्हती. पंचनाम्यात फोनची ओळख पटवणारे दोन्ही आयएमईआय क्रमांक, पडद्यावरचा ओरखडा आणि माझ्या विनंतीवरून ‘फोन बंद केलेल्या अवस्थेत ताब्यात घेतला’ एवढे लिहिले गेले. हे शेवटचे वाक्य मी आग्रहाने घालून घेतले, कारण त्याला तांत्रिक अर्थ आहे. आजच्या फोनमधला मजकूर ज्या किल्लीने कुलूपबंद होतो, ती किल्ली वापरणाऱ्याचा पिन आणि फोनच्या चिपमध्ये कायमचे कोरलेले गुपित या दोहोंच्या मिलाफातून तयार होते. म्हणून साठवणुकीची चिप काढून दुसऱ्या संगणकाला जोडली तरी हाती निरर्थक आकडेच लागतात. फोन चालू करून एकदा पिन टाकला की बऱ्याचशा मजकुराच्या किल्ल्या पुढे फोनच्या स्मृतीत राहतात, आणि पडद्यावर कुलूप दिसत असले तरी तपासयंत्रणांच्या साधनांना आत शिरायला वाव मिळतो. फोन बंद करून पुन्हा चालू केला की त्या किल्ल्या नाहीशा झालेल्या असतात; त्या अवस्थेत बोटाचा ठसाही चालत नाही, पिनच लागतो. सहा आकड्यांचे पिन दहा लाख होतात, आणि काही चुकीच्या प्रयत्नांनंतर फोन थांबण्याचा वेळ वाढवत नेतो.

व्हॉट्सॲपच्या एन्क्रिप्शनविषयी आमच्याकडे मोठा गैरसमज आहे, तो इथेच सांगते. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपचे संदेश पाठवणाऱ्याच्या फोनपासून घेणाऱ्याच्या फोनपर्यंत कुलूपबंद जातात, आणि मधल्या कंपनीलाही ते वाचता येत नाहीत. पण उघडलेल्या फोनवर ते साध्या अक्षरांतच असतात. नाहीतर आपल्यालाच ते वाचता आले नसते. म्हणून फोन उघडा मिळाला की प्रवासातल्या कुलपाचा उपयोग संपतो, आणि सगळा भार फोनच्या स्वतःच्या कुलपावर येतो. ‘ही लिंक सगळ्यात आधी कोणी पाठवली, हे कंपनीकडून कळेल का?’ असे अधिकाऱ्यांनीच मला विचारले होते. पन्नास लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या सेवांनी संदेशाचा पहिला पाठवणारा ओळखून द्यावा, असा नियम २०२१ मध्ये आला, आणि त्याविरुद्ध त्याच वर्षी मे महिन्यात व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेले. शिवाय तो नियम देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, लैंगिक अत्याचार अशा गुन्ह्यांपुरता आहे. आमच्यासारख्या फसवणुकीच्या गुन्ह्याला तो लागूच होत नव्हता.

फोन गेल्याची बातमी दोन दिवसांत पसरली. पारोळ्याच्या बाजूच्या एका खेड्यातली बाई पायरीवर येऊन बसली आणि तिने एकच प्रश्न विचारला, ‘ताई, मी तुमले जे सांगं ते त्या आयकतीन का?’ नाही, असे ठामपणे म्हणण्यासारखी परिस्थिती त्या दिवशी नव्हती. पिन माझ्याकडेच आहे आणि न्यायालयाला विचारल्याशिवाय मी तो कोणाला सांगणार नाही, एवढेच मी तिला सांगू शकले. त्यानंतर तिने माझ्याकडे येणे बंद केले. ती एकटी नव्हती.

मी जळगावच्या एका वकीलताईंकडे गेले. त्यांनी पहिली सूचना केली ती मला सुचलीच नसती: दुसरे सिमकार्ड घ्या, पण नव्या फोनवर तुमच्या जुन्या क्रमांकाचे व्हॉट्सॲप सुरू करू नका. तसे केले तर जप्त फोनवरचे खाते बंद पडते, आणि पुराव्यात मीच ढवळाढवळ केल्याचा आरोप येऊ शकतो. परिणामी मला संदेश पाठवणाऱ्या बायकांना एकच खूण दिसत राहिली. न पोहोचलेला संदेश व्हॉट्सॲप आपल्या यंत्रणेत तीस दिवस ठेवते आणि मग काढून टाकते. जे संदेश त्या मुदतीपलीकडे गेले, त्यांत कोणी काय मागितले होते हे मला आता कधीच कळणार नाही. फोन जप्त होण्याने होणाऱ्या नुकसानाचा विचार करताना ही बाजू कोणी मोजत नाही, आणि मला ती सगळ्यात जास्त लागली.

आम्ही न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. त्यात दोन मागण्या होत्या. तपासाला लागणारा समूह आणि तो क्रमांक एवढाच मजकूर माझ्या समक्ष, मी स्वतः फोन उघडून, काढून घ्यावा; आणि त्यानंतर संहितेच्या कलम ५०३ प्रमाणे फोन सुपूर्तनाम्यावर, म्हणजे तो सांभाळून ठेवण्याच्या लेखी हमीवर, मला परत द्यावा. जप्त वस्तू ठाण्यात दीर्घकाळ पडून राहू नयेत, पंधरा दिवस ते महिनाभरापलीकडे त्या ठेवण्याचे कारण नसते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितले होते. दुसऱ्या मागणीला त्याचा आधार होता.

पहिल्या मागणीचा कायदा मात्र अजून पक्का झालेला नाही, हे वकीलताईंनी मला न लपवता सांगितले. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, पण मी आरोपी नव्हते. बोटांचे ठसे देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे, असे अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने १९६१ मध्येच काठी कालू ओघड प्रकरणात ठरवले आहे. मनातला पिन मात्र ठशासारखा की साक्षीसारखा, यावर न्यायालयांचे एकमत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये वीरेंद्र खन्ना प्रकरणात पासवर्ड सांगणे ही स्वतःविरुद्धची साक्ष नव्हे असे म्हटले. दिल्लीतल्या सीबीआयच्या विशेष न्यायालयाने २०२२ मध्ये आरोपीवर तशी सक्ती करायला नकार दिला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाला मूलभूत हक्क मानले, आणि त्यात हस्तक्षेप करायचा तर कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि गरजेपुरते प्रमाण या कसोट्या घातल्या. आमचा अर्ज मुख्यतः या तिसऱ्या कसोटीवर उभा होता. पत्रकारांच्या उपकरणांच्या जप्तीबाबतच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये केंद्राला मार्गदर्शक तत्त्वे करायला सांगितले, तेव्हा तोवर केंद्रीय यंत्रणा सीबीआयच्या नियमपुस्तिकेप्रमाणे चालतील असे उत्तर आले. आमचा तपास राज्याच्या पोलिसांकडे होता, आणि त्यांना त्या उत्तराने काही बांधले जात नव्हते.

सरकारी पक्षाचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणे, मागवला गेला, तारखा पडल्या. सरकारी वकिलांनी विरोध केला, पण तो अर्ध्या मनाने केल्यासारखा मला वाटला. साक्षीदार स्वतः पुरावा द्यायला तयार आहे हे त्यांनाही दिसत होते. न्यायाधीशांनी मला थेट विचारले, ‘तुम्हाला लपवायचे काय आहे?’ मी उत्तर दिले की माझे स्वतःचे काहीच नाही, पण ज्यांचे आहे त्या या गुन्ह्यात आरोपीही नाहीत आणि साक्षीदारही नाहीत, आणि त्यांना या न्यायालयात बाजू मांडण्याची संधीही नाही. त्यांनी ते लिहून घेतले. अर्ज मंजूर झाला.

जिल्ह्याच्या ठिकाणी सायबर विभागाच्या खोलीत फोनचे सील पंचांसमोर तोडले गेले. नेटवर्क मिळणार नाही अशी व्यवस्था केल्यावर मी पडद्यावर हात आडवा धरून पिन टाकला. इथे एक अडचण निघाली, तिचा विचार आदेशात झालेला नव्हता. तिथल्या तंत्रज्ञाने सांगितले की एकच संवाद वेगळा काढणे त्याच्या साधनाने तांत्रिकदृष्ट्या भरवशाचे नाही. व्हॉट्सॲपचा सगळा साठा आधी एकत्र उतरवावा लागतो, मग त्यातून हवा तो भाग अहवालात घेता येतो. निवडक भागच उतरवला तर आगेमागे काही गाळले का, या प्रश्नाला त्याला साक्षीत उत्तर देता येणार नव्हते. त्याचे म्हणणे मला पटले, आणि तरीही सगळा साठा तपास अधिकाऱ्यांच्या ताब्यात जाणे मला मान्य नव्हते. फोनवरून वकीलताईंशी बोलणे झाले, अधिकाऱ्यांनी सरकारी वकिलांना विचारले, आणि शेवटी असे ठरले की संपूर्ण साठ्याची प्रत एका हार्ड डिस्कवर उतरवून, तिची हॅश पंचनाम्यात लिहून, ती सीलबंद करून न्यायालयात जमा करायची; तपासाच्या कागदांत फक्त समूहाचा आणि त्या क्रमांकाचा अहवाल जोडायचा. तशी पुरसिस, म्हणजे न्यायालयाला द्यायचे लेखी निवेदन, दोन्ही बाजूंनी दाखल केली. चौसष्ट चिन्हांची ती ओळ मी माझ्या वहीत अक्षर-अक्षर पडताळून उतरवून घेतली. त्यानंतर बंधपत्र लिहून, खटला संपेपर्यंत फोन विकणार नाही किंवा त्यातला मजकूर पुसणार नाही अशी हमी देऊन, तो परत मिळाला.

तपासाचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. ज्या बँक खात्यांत पैसे गेले, त्यांच्या व्यवहारांच्या साखळीवरून पोलीस परराज्यातल्या दोन तरुणांपर्यंत पोहोचले; कमिशनसाठी आपली खाती इतरांना वापरायला देणारे ते होते. माझ्या फोनवरच्या संवादाने योजनेचे आमिष कसे दाखवले गेले आणि कोणत्या खात्यात पैसे भरायला सांगितले गेले, हे सिद्ध करायला मदत झाली. त्यासाठी समूह आणि एक क्रमांक पुरेसा ठरला. माझ्या फोनमधल्या दुसऱ्या कोणत्याही बाईचा एकही शब्द दोषारोपपत्रात नाही.

हे सगळे अनुभवल्यावर माझे मत स्पष्ट झाले आहे. पोलिसांना पुरावा मिळायला हवा, आणि फोनचे कुलूप इतके मजबूत हवे की तो त्यांना विचारूनच घ्यावा लागेल. कुलूप कमकुवत असते तर अर्ज, आदेश, पंच, हॅश यांतले काहीही घडले नसते; एखाद्या दुपारी ठाण्यात कोणीतरी फोन उघडून पाहिला असता आणि मला ते कळलेही नसते. २०१६ मध्ये अमेरिकेत एफबीआयने सॅन बर्नार्डिनो हल्ल्यातल्या आरोपीच्या आयफोनसाठी ॲपलकडे कुलूप सैल करणारी खास प्रणाली मागितली होती. कंपनीने नकार दिला, आणि अखेर तिसऱ्याच कोणाच्या मदतीने तो फोन उघडल्यावर एफबीआयने ती मागणी मागे घेतली. अशी प्रणाली एकदा तयार झाली की ती त्या एका फोनपुरती राहत नाही, हा तेव्हाचा युक्तिवाद मला आता पुस्तकी वाटत नाही. तंत्रज्ञाच्या टेबलावर माझा फोन ज्या वायरला जोडलेला होता, त्याच वायरला त्याआधी कोणाकोणाचे फोन जोडले गेले असतील आणि त्यांपैकी किती जणांनी न्यायालयाचा आदेश पाहिला असेल, हा विचार मी तिथे बसले असताना केला होता.

एक गोष्ट अजून बाकी आहे. ती सीलबंद हार्ड डिस्क न्यायालयाच्या मुद्देमालात आहे, आणि खटला संपल्यावर तिचे काय करायचे याबद्दल आदेशात एक ओळही नाही. निकालानंतर आणि अपिलाची मुदत संपल्यावर ती आमच्या समक्ष नष्ट करावी, तोवर न्यायालयाच्या लेखी परवानगीशिवाय तिचे सील तोडू नये आणि तोडल्यास मला आधी सूचना द्यावी, असा वेगळा अर्ज आम्ही दिला आहे. सरकारी पक्षाचा ‘से’ अजून यायचा आहे, आणि तो अर्ज पुढच्या तारखेला सुनावणीसाठी ठेवला आहे.